देवराव पेंटरची भिंत

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी कचेरीला निघण्याच्या घाईत होतो. नागपूरच्या आमच्या भाड्याच्या खोलीच्या पायरीवर उभ्या उभ्याच वाचलं. चार ओळींचं कार्ड. ‘देवरावकाका मंगळवारी सकाळी वारले. तीन दिवस ताप होता. तुमची आठवण काढत होते.’ खाली त्याच्या पुतण्याची सही. आमच्याकडे मरणाची चिठ्ठी घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचायची आणि तिथंच फाडून टाकायची. मी फाडली. आणि मग तुकडे मुठीत घेऊन तसाच उभा राहिलो... टाकायचे कुठे? समोर रस्ता होता, रस्त्याच्या कडेला नाली होती, सारी गल्ली जिच्यात सगळं टाकते ती. पण मूठ काही उघडेना. बायको आतून म्हणाली, “टाका ना ते, अन् हात धुऊन घ्या.” मी म्हटलं, “देवराव गेला.” तुकडे कोटाच्या खिशात घालून मी कचेरीत गेलो, रजेचा अर्ज टाकला आणि दुपारच्या पॅसेंजरने निघालो.

देवराव आमच्या गावचा बोर्ड लिहिणारा. गाव पांढुर्णा आणि सौंसरच्या मधलं, जाम नदीच्या काठचं. नाव मी मुद्दाम देत नाही. त्या गावातल्या पुष्कळांची नावं देवरावने आधीच लिहून ठेवली आहेत, तेवढं पुरे. किराणा दुकानाची पाटी, शाळेच्या भिंतीवरचं सुभाषित, संत्र्याच्या पेट्यांवरचा मार्का, लग्नघराच्या दाराशी गणपती आणि त्याखाली ‘सुस्वागतम्’... गावात अक्षर म्हणून जे दिसे ते त्याच्या हातचं. चौथीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो. पुढे मी मॅट्रिक होऊन गावातल्याच सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि तो ब्रश घेऊन बसला. अक्षर त्याचं मोत्याचं, पण शुद्धलेखनाचा त्याला भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक मजकूर आधी माझ्याकडे आणायचा. “वामन्या, ऱ्हस्व का दीर्घ तेवढं सांग गा, बाकी माझं मी पाहून घेतो,” म्हणायचा. त्यामुळे गावातल्या हरेक पाटीत थोडा हात माझाही होता. हे मी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको.

मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत शोकसभा ठेवली. अध्यक्ष कोण, तर जिनवाले नानाजी. कापसातली सरकी काढायचं जिन त्यांचं, संत्र्याचे दोन बगीचे त्यांचे, आणि गावात कोणी मेलं की बोलण्याचा मानही त्यांचाच. गळा दाटून आणून म्हणाले, “आपल्या गावचा स्वच्छतेचा पुजारी गेला. माझा तर तो जिवाभावाचा माणूस होता.” पुढच्या रांगेतल्या दोघांनी डोळे पुसले. मी नानाजींच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्याकडे पाहत बसलो आणि दात आवळून धरले. गेली सहा वर्षं या जिवाभावाच्या माणसाला ह्यांनी एका पेटीच्या मार्क्याचं काम दिलं नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाला देऊ दिलं नव्हतं. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतांबद्दल तशी काही बंदी माझ्या ऐकण्यात नाही. तेव्हा हा लेख मी दुःखाने लिहितो आहे असं वाचकांनी समजू नये. दुःख आहेच, पण लेख रागाने लिहितो आहे.

देश स्वतंत्र झाला त्या साली आम्ही पंचविशीत होतो आणि अंगात भलताच उत्साह होता. इंग्रज गेला, आता निदान आपली नदी तरी आपण साफ ठेवू, असं आमच्यातल्या कोणाच्या तरी मनात आलं. आमच्या घाटावर हिवाळाभर लोक येत. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या जुंपून येत, वांग्याची भाजी आणि रोडगे करत, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जात, नदीत पोहणं होई, आणि गाड्या परत गेल्या की मागे उरत पत्रावळी, द्रोण, फुटकी मडकी, संत्र्यांच्या सालींचे ढीग. हे नुसतं दिसायला वाईट होतं असं नाही. उन्हाळ्यात जाम आटते. मग खालच्या मोहल्ल्यातल्या बाया नदीच्या वाळूत हात-दीड हात खोल उकरतात, त्यात हळूहळू पाणी झिरपतं, आणि वाटीवाटीने ते घागरीत भरून घरी नेतात. तो झिरा. हिवाळ्यात जे वाळूत टाकलं ते उन्हाळ्यात त्या झिऱ्यात निघायचं. म्हणून आम्ही पंधरावीस जणांनी घाट झाडून काढला आणि देवरावने पदरच्या रंगाने पत्र्यावर बोर्ड लिहिला: ‘नदीच्या पात्रात कचरा टाकू नये.’ माझ्याकडे आला होता विचारायला. “‘पात्रात’ लिहू का ‘पात्रामंधी’?” मी म्हटलं, ‘पात्रात’. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. कौसल्यावहिनीला वाचता येत नव्हतं. पाण्याला जाता-येता त्या बोर्डाखाली थांबून त्याने तिला अक्षरं शिकवली. तिला पहिला वाचता आलेला शब्द ‘नदी’ आणि दुसरा ‘पात्र’. मला म्हणाली होती, “भाऊजी, आता मले कोणी फसवू शकत नाही. निदान नदीवर तरी.”

नऊ वर्षं तो बोर्ड उभा होता. लोक सगळे ऐकत असं नाही, पण निम्मे तरी लाजत.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर आमची राजधानी नागपूर होती, शंभर पावलांवर असल्यासारखी. सकाळी गाडीत बसावं, काम करावं, भाजी घेऊन परत यावं. एका दिवसात नागपूर परक्या राज्यात गेलं आणि आमची गाठ भोपाळशी पडली. ज्यांनी नकाशावर रेघ ओढली त्यांना मी आजही माफ केलेलं नाही, पण त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. जो हाताशी सापडला त्याच्यावर राग काढायचा, हा आम्हा कारकुनांचा धर्म. हाताशी सापडले ते नवे साहेब. दूर उत्तरेकडून बदलून आलेले. माणूस तसा वाईट नव्हता, हे आज म्हणतो. तेव्हा मात्र मी त्यांना पाण्यात पाहत होतो. पहिल्याच आठवड्यात माझ्या मराठी टिपणावर त्यांनी तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली आणि लिहिलं, ‘हिंदी में लाओ’. नागपूरकडे जाण्यासाठी मी दिलेला अर्ज त्यांच्याच टेबलावर महिना महिना पडून होता. त्यात हुकूम निघाला की गावातले सगळे सार्वजनिक बोर्ड हिंदीत व्हावेत. घाटावरच्या बोर्डाचा मजकूर साहेबांनी स्वतः लिहून दिला: ‘कचरा पात्र में डालें।’

आता हिंदीत पात्र म्हणजे भांडं. साहेबांचं म्हणणं साधंच होतं, कचरा डब्यात टाका. घाटावर दोन मोठे ड्रम ठेवायचा त्यांचा विचार होता. पण ड्रम यायचे होते, आणि एक पात्र तिथे आधीपासूनच वाहत होतं. मराठी माणसाने तो मजकूर घाटावर वाचला की त्याला आधी नदीच आठवणार.

देवराव कागद घेऊन माझ्याकडे आला तो हसतच. “हे पाय बे वामन्या, हा तं नदीत टाका म्हणून राहिला. साहेबाले सांगून ये.”

मी सांगायला हवं होतं. दहा पावलांवर साहेबांची खोली होती. मी म्हटलं, “काहून सांगू? मले ज्यानं हिंदी शिकवली, त्याले मी मराठी काहून शिकवू? हुकूम आहे, लिहून टाक.”

“लोक खरंच टाकतीन गा.”

“टाकू दे. वरून तपासणी आली की साहेबाचंच नाक कापल्या जाईन.” आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. “खाली एक बाण काढ,” म्हटलं. “नदीकडे.”

मग त्यालाही लहर आली. तोच जुना पत्रा घासला, खडू लावलेल्या सुताने रेघा आखल्या आणि ‘पात्र’ एवढं मोठं लिहिलं की बैलगाडीतूनही वाचता यावं. बाण तांबडा. बोर्ड उभा राहिला तेव्हा साहेब येऊन पाहून गेले आणि “सुंदर!” म्हणाले. त्या दिवशी आम्ही दोघं हसून हसून लोळलो. एवढं निखळ हसू मला पुढे कधी आलं नाही.

लोकांना खरा अर्थ कळत नव्हता असं नाही. पण लाज वाटण्याची सोय गेली. कोणी टोकलं तर बोर्डाकडे बोट दाखवायचं. ‘सरकारच म्हणून राहिलं, तुले काय करायचं आहे?’ त्या हिवाळ्यात नानाजींनी घाटावर रोडग्यांचं मोठं जेवण दिलं. पाहुणे लोधीखेड्याचे, सौंसरचे, व्यापारी लोक. गोटीच्या सोड्याच्या बाटल्यांचे खोके आणले होते. जेवणं झाल्यावर पाहुण्यांनी रिकाम्या बाटल्या वाळूत ओळीने उभ्या केल्या आणि दगडांनी नेम धरून फोडल्या. बाटली फुटली की वाहवा. आतली गोटी जिंकणाऱ्याला. देवराव तिथेच होता, त्याला पाहुण्यांच्या गाडीवर नाव रंगवायला बोलावलं होतं. तो म्हणाला, “नानाजी, उन्हाळ्यात बाया इथं पाण्याले येतेत.” नानाजींनी पान चघळत बोर्डाकडे मान वळवली. “तूच लिहिलं ना देवराव? मंग?”

वैशाखात झिऱ्यावर कौसल्यावहिनीच्या टाचेत काच शिरली. बोटभर नाही, अर्ध्या नखाएवढी. तिने ती स्वतःच ओढून काढली, हळद-तेल भरलं, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याला गेली. आठव्या दिवशी भाकरी चावता येईना. जबडा मिटत चालला होता. आम्ही गाडी जुंपून तिला तिगावच्या स्टेशनावर आणलं, नागपूरला न्यायचं म्हणून. गाडी उशिरा होती. फलाटावरच्या कडुनिंबाखाली तिला सतरंजीवर निजवलं होतं. शरीर कमानीसारखं ताठ होई आणि पुन्हा सैल पडे. देवराव तिच्या कानाशी बसून सारखा सांगत होता, “आली, आता गाडी येऊनच राहिली.” गाडी आली तेव्हा ती गेली होती. धनुर्वात. तिला मरताना बोलताही आलं नाही, कारण तोंड उघडत नव्हतं. हे मी इथे सविस्तर लिहितो आहे, कारण नानाजी शोकसभेत म्हणाले की ‘देवरावच्या पत्नी अल्पशा आजाराने वारल्या होत्या.’

देवरावने तेरवी आटोपली. चौदाव्या दिवशी सकाळी रंगाचे डबे घेऊन घाटावर गेला. घाटाला एक लांब दगडी भिंत आहे. पायऱ्या बांधायला ज्यांनी मदत केली त्यांच्या नावांचे दगड तिच्यात बसवले आहेत. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, ‘तमुक यांजकडून’. पहिला दगड नानाजींच्या वडिलांचा. त्या दगडांतल्या कोरीव अक्षरांत काळा रंग भरणं हे देवरावचं पेंटर म्हणून मिळालेलं पहिलं काम होतं. आता त्याच दगडांच्या खाली, त्याच वळणाच्या अक्षरांत, त्याच अदबीने त्याने लिहिलं:

‘येथील फुटक्या काचा नानाजी जिनवाले यांजकडून कौसल्येस सप्रेम भेट.
हुकूम: साहेब.
अक्षर: देवराव पेंटर.’

दुपारपर्यंत सारं गाव वाचून आलं. संध्याकाळच्या आत नानाजींच्या माणसांनी वर चुना फासला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवरावने पुन्हा लिहिलं. पुन्हा चुना, पुन्हा अक्षर, असं नऊ दिवस चाललं. शेवटी ठाण्यातून जमादार आला. देवराव त्याला म्हणाला, “यातलं खोटं काय आहे ते दाखवा, मीच पुसतो.” जमादाराने तीनदा वाचलं आणि निघून गेला. त्यानंतर चुना लागला नाही. तपासणीही आली, आणि साहेबांचं नाक खरोखरच कापलं गेलं. बोर्ड उतरला, साहेबांची बदली झाली. मला हवा होता तो सूड मला पुरेपूर मिळाला होता. त्याच टपालात माझीही नागपूरची बदली आली आणि मी बिऱ्हाड हलवलं.

देवरावचं काम बंद झालं. नानाजींनी निरोप फिरवला आणि बाजारातल्या कोणाला पाटीची गरज उरली नाही. पेट्यांचे मार्के पांढुर्ण्याहून करून येऊ लागले. देवराव पोळ्याला बैलांची शिंगं रंगवी, रंगपंचमीला पिचकाऱ्या, आणि कसंबसं भागवी. पण भिंत त्याने सोडली नाही. रोज पहाटे घाटावर जायचा, वाळू धुंडाळायचा. कोणाची जेवणं झाली, कोण काय टाकून गेलं ते पाहायचा, आणि नाव भिंतीवर चढायचं. ‘या पत्रावळी अमुक गावच्या पाटलांच्या वरातीकडून.’ ‘ही मडकी तमुक मास्तरांकडून विद्यार्थ्यांस आदर्श म्हणून.’ कोणाला सूट नव्हती. माझ्या सख्ख्या मामाचं नाव तिथे दोन वर्षं होतं. नाव पुसून हवं असेल तर एकच वाट होती: टोपलं घेऊन यायचं, दिवस मावळेपर्यंत वाळूतला कचरा-काच हाताने वेचायची, आणि टोपलं देवरावला दाखवायचं. लोक त्याला येडा म्हणत, खुनशी म्हणत. खुनशी तो होताच. मी विचारलं होतं, “देवा, हे कधीपर्यंत चालवशीन?” तो म्हणाला, “वाळू चाळून झाली की.”

आणि लोक सुधारले. उपदेशाने नाही, भीतीने. वराती येत त्या रिकामं पोतं घेऊन येत. पत्रावळी त्यात भरत, गाडीत टाकत, आपल्या गावी नेऊन उकिरड्यावर रिकामं करत. जेवायला बसण्याआधी वडीलधारी माणसं पोरांना भिंत दाखवत. नऊ वर्षं आमचा मराठी बोर्ड जे करू शकला नाही ते त्या भिंतीने तीन वर्षांत केलं. चांगुलपणाने जग सुधारतं असं सांगणाऱ्यांना मी आमच्या घाटावर पाठवतो.

नानाजींची पाळी चौथ्या वर्षी आली. मुलीची सोयरीक काटोलकडे जुळत होती. पाहुणे मंडळी सकाळी नदीवर अंघोळीला गेली आणि भिंत वाचून आली. त्यांच्यातल्या म्हातारीने परत येऊन एवढंच विचारलं, “ही कौसल्या कोण?” सोयरीक लांबणीवर पडली. दोन दिवसांनी भर दुपारी नानाजी टोपलं घेऊन घाटावर आले. मी त्या वेळी गावी होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं आणि देवाचे आभार मानले. धोतर खोचून नानाजी वाळूत उकिडवे बसले होते आणि गाव पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलं होतं. कोणी हसलं नाही, कोणी मदतीलाही उतरलं नाही. दिवस मावळताना त्यांनी टोपलं देवरावपुढे ठेवलं. देवरावने त्यातला एकेक तुकडा उचलून पाहिला. मग नानाजींचं नाव टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसलं. नानाजी निरखून म्हणाले, “अजून दिसून राहिलं, देवराव.”

“ऑइलपेंट आहे नानाजी,” तो म्हणाला. “पुसलं तरी दिसन.”

पोरीचं लग्न पुढे झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते नाव उन्हात बरोबर दिसतं, पाहिजे त्याने जाऊन वाचावं.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी कचेरीने मला मुंबईला पाठवलं तेव्हा मी देवरावला सोबत नेलं. म्हटलं, जरा मोकळा होईल. त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता, मीही नाही. वाळूवर उभा राहून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “वाटणीत हा तुमच्याकडे आला गा. आमच्याकडे भोपाळचं तळं.” मग खाली पाहिलं. शहाळ्यांच्या कवट्या, भेळेची पानं, शेंगांची टरफलं, कागदाच्या पुड्या... लाट यायची, थोडं ओढून न्यायची, दुसरी लाट ते परत आणून टाकायची. शेजारी एक सुखवस्तू कुटुंब बसलं होतं. त्या गृहस्थाने पुडी चुरगाळून पाण्यात भिरकावली आणि आम्ही पाहतो आहोत हे पाहून हसून म्हणाला, “समुद्र आहे हो, त्याला काय होतंय?” देवराव धोतर भिजवत पाण्यात गेला, पुडी घेऊन आला आणि दोन्ही हातांनी, पान-सुपारी द्यावी तशी, त्यांच्यापुढे धरली. “तुमची राहिली होती,” म्हणाला. गृहस्थांना ती घ्यावी लागली. परत येताना तो मला म्हणाला, “आपली जाम गरीब आहे, तिच्यात टाकलेलं दिसते. याच्यात दिसत नाही, पण पाय तं याच्या काठीही माणसांचेच असतीन ना?” आम्ही खाल्लेल्या शेंगांची टरफलं त्याच्या खिशात होती. ती नागपूरच्या स्टेशनवर मला दिसली, त्याने ती तिथल्या टोपलीत घातली तेव्हा.

त्या प्रवासात मी त्याला एक गोष्ट विचारणार होतो. विचारली नाही. भिंतीवर तीन ओळी होत्या: काचा कोणाच्या, हुकूम कोणाचा, अक्षर कोणाचं. बाण कोणाचा, ते लिहिलं नव्हतं. दर सुट्टीत गावी गेलो की मी घाटावर जायचो आणि आधी ती जागा पाहायचो. अक्षर त्याने आपल्या नावाने लावून घेतलं, स्वतःलाही सोडलं नाही, आणि मला सोडलं. मी समजत होतो की ही दोस्ती. आतल्या आत फार बरं वाटायचं. सहा वर्षं मी नानाजींना शिव्या देत होतो, साहेबांना देत होतो, ज्यांनी रेघ ओढली त्यांना देत होतो, आणि प्रत्येक शिवीसरशी त्या भिंतीवरची रिकामी जागा मला आणखी मोकळी वाटत होती.

शोकसभेनंतर पुतण्याने मला देवरावच्या खोलीत नेलं. तो सौंसरला मास्तर आहे, शांत माणूस. खोली झाडून ठेवलेली. कोनाड्यात ब्रश धुऊन उभे केलेले, अळशीच्या तेलाचा वास. पुतण्या वाकला आणि खाटेखालून एक पत्रा ओढून काढला, जुन्या साडीत गुंडाळलेला. पत्र्यावर पांढरा हात मारला होता आणि त्यावर पेन्सिलीने एका ओळीची अक्षरं आखली होती, बारीक, नेमकी, आत रंग न भरलेली.

‘बाण: वामन कारकून.’

पुतण्या म्हणाला, “दर दिवाळीले काढत, पुसत, अन् पुन्हा ठेवून देत काकाजी. मी एकदा विचारलं, रंग काहून नाही भरत? तं म्हणे, तो माझा दोस्त आहे, त्याचं नाव मी नाही लिहीन. तो आपल्या हातानं लिहीन. दर वर्षी येते तो, भिंत पाहून जाते, आज लिहीन, उद्या लिहीन...”

तुमची आठवण काढत होते, असं कार्डात होतं.

माझ्यावर एवढा सूड कोणी उगवला नसेल. शिवी नाही, तक्रार नाही, सहा वर्षांत एक वाकडा शब्द नाही. प्रत्येक भेटीत घरी बोलावून जेवू घातलं, आणि खाटेखाली माझं नाव ठेवून वाट पाहिली. मी त्याच्यासोबत समुद्रापर्यंत गेलो आणि तरी मला तोंड उघडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा सगळ्यात बारीक ब्रश घेऊन पत्र्यावर रंग भरला. ब्रश मी कधी धरला नव्हता. आखणीच्या बाहेर रंग गेला, ‘वामन’मधले ‘म’ आणि ‘न’ एकमेकांत मिसळले. पुतण्या म्हणाला, “राहू द्या काकाजी, मी एखाद्या पेंटरकडून नीट करून आणतो.” मी नको म्हटलं. आम्ही दोघांनी पत्रा घाटावर नेला आणि चौथी ओळ म्हणून देवरावच्या नावाखाली दगडांच्या सांध्यांत खिळ्यांनी ठोकला. पायऱ्यांवर नानाजी बसले होते, सकाळची अंघोळ आटोपून. त्यांनी ती ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि बाजूला पडलेलं टोपलं पायाने माझ्याकडे सरकवलं.

मी ते उचललं आणि वाळूत उतरलो.